साथीच्या दिवसात मनाचे खाडे कसे मोजायचे

सप्टेंबर २०२० मधी कोरोनासाठी घरोघर तपासणी करणारी 'माझं कुटुंब माझी जबाबदारी'वाली टीम आमच्या गल्लीत आली, आशाताईनी कपाळापुढं ती ताप मोजायची बंदूक धरली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आमच्या घरात सगळ्यांचे आकडे झकास. अन् त्याच आठवड्यात वडील रात्री दोन-दोनला उठून अंगणात फेऱ्या मारायले, विचारलं तर म्हणे मला काय धाड भरलीय.

म्हणून साथ कोणतीबी असू द्या, "कसं वाटतंय" विचारूच नका, ना घरच्याला ना स्वतःला. आपल्याकडं त्याचं उत्तर "ठीके"च असतं. त्यापेक्षा झोप, जेवण अन् बोलणं बघा. दुधाचा हिशोब कॅलेंडरवर ठेवतो ना, तसंच करायचं, ज्या रात्री झोप मोडली त्या तारखेवर खाडा, भाकरी अर्धी टाकून उठला तर खाडा, फोन वाजतोय अन् "घरी नाही म्हण" तरी खाडा. तंबाखूची पुडी एकाची तीन झाली तर तेबी लिहा, गडीमाणसाचं दुःख लई वेळा तिथंच दिसतं.

दोन आठवडे झाले की डॉक्टर लोक विचारतात ते दोन प्रश्न विचारायचे: कशात रस, मजा वाटंना झालीय का? उदास, निराश वाटतंय का? अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. दोन्हीची बेरीज ३ किंवा जास्त आली तर दाखवून घ्यायचं. यावरून आजार ठरत नाही, तो डॉक्टर ठरवतो. कोरोना होऊन गेला असंल तर थकवा, झोपेचा घोळ त्याच्यामुळंबी असतो, ते सांगा. अन् कोरोनात घरचं माणूस गेलं, तवा अंत्यविधीला २०च माणसं चालायची, गळ्यात पडून रडायचीबी सोय नाही, अशा माणसाला रडू येतं म्हणून लगेच पेशंट करू नका, पण खाडे मोजत रहा.

दवाखान्यात जायला लाज वाटते, "येड्याच्या डॉक्टरकडं काहून नेता" म्हणतात. आम्ही झोपेसाठी दाखवायचंय एवढंच बोललो, ते खोटंबी नव्हतं, अन् कॅलेंडर सोबत नेलं. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी मोठ्या दवाखान्यात, मनोविकार विभाग आहे. जाणं जमंना तर १४४१६ लावा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात.

एका गोष्टीत मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. "मी नसलेलं बरं" असं कुणी बोलायला लागलं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अन् फवारणीच्या औषधाचे डबे आधी घरातून, गोठ्यातून हलवा, शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा, चावी पण त्याच्याकडंच.