कोकणातल्या घरातला उकाडा: वीजबिल वाढवणाऱ्या या चुका टाळा

घर उबदार ठेवण्यासाठी कोकणात कोणी पैसे मोजत नाही. आपले पैसे जातात ते उकाडा घालवण्यात. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीचा किंवा मालवणचा पारा साधारण ३२ ते ३५ अंशांवर असतो, म्हणजे विदर्भाच्या मानाने पुष्कळच खाली. तरीही माणूस हैराण होतो, कारण हवेत इतके बाष्प असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. ही गोष्ट ध्यानात न घेता घाटावरचे उपाय जसेच्या तसे खाली आणले जातात आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते.

त्यातला ठळक नमुना म्हणजे कूलर. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा थंड करतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका त्याचा उपयोग अधिक. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा फार तर २२ अंशांच्या आसपास उतरू शकते. मात्र ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या किनाऱ्यावरच्या हवेत ही मर्यादा २९ अंशांवरच येऊन थांबते. वर खोलीत ओल वाढते ती वेगळीच. आमच्या घरी पुण्याहून आणलेला कूलर चार दिवस चालला आणि डब्यातले पापड सादळले, तेव्हा तो परत पाठवला. वाळ्याचे ओले पडदेही याच कारणाने इथे निरुपयोगी ठरतात.

दुपारभर दारे-खिडक्या बंद ठेवणे हीसुद्धा घाटावरचीच सवय. तिथे रात्री हवा चांगली गार होते आणि तो गारवा भिंतींच्या आत कोंडून ठेवता येतो. आपल्याकडे मेमधल्या रात्रीही पारा २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे कोंडण्याजोगा गारवाच नसतो. उलट दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि नेमकी त्याच वेळी पश्चिमेची खिडकी उन्हाच्या भीतीने बंद असते. ऊन अडवायचे ते बाहेरून: पडवी, झावळ्यांचा मांडव किंवा बांबूचा तट्ट्या लावून. काचेच्या आत लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचले, म्हणजे उष्णता घरात शिरलीच. शिवाय वारा आत यायचा तर त्याला समोरच्या बाजूने बाहेर पडायला वाट हवी; एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या ठेवून ते साधत नाही. सरकत्या काचांची खिडकी कधीही अर्धीच उघडते, हेही नवे घर बांधताना विसरले जाते.

खरा उकाडा मात्र वरून येतो. माकडांनी कौले फोडणे आणि दरवर्षीच्या शाकारणीला माणसे न मिळणे या दोन कारणांनी गावोगावी कौले उतरून पत्रे चढले, आणि त्याला दोष देता येत नाही. चूक होते ती पुढे. कौलांच्या फटींतून आणि भिंत व छपर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून गरम हवा निघून जात असे. पत्रे घालताना ती जागा सिमेंटने लिंपून टाकली जाते आणि जुना माळाही काढला जातो. माळा ठेवावा, त्यावरची हवा दोन्ही त्रिकोणी भिंतींतल्या झरोक्यांतून खेळती राहू द्यावी आणि पत्रा निवडताना गडद लाल किंवा निळ्याऐवजी पांढरा किंवा फिकट रंग घ्यावा. स्लॅबचे घर असेल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. झोपताना पंख्याची हवाही गरम लागते ती यामुळेच. फेब्रुवारीत गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तरी फरक कळतो. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते.

पंखा खोली थंड करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो; रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्याला काहीच अर्थ नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॅट, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट वीज घेतो. रोज दहा तासांच्या हिशेबाने महिन्याला २२.५ युनिटांऐवजी ९ युनिटे लागतात. घरात चार पंखे असले आणि वापर १०० किंवा ३०० युनिटांच्या टप्प्याशी रेंगाळत असला, तर ही बचत दुहेरी ठरते, कारण टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर वाढतो.

एसीच्या बाबतीत मोठी चूक म्हणजे खोली लवकर गार व्हावी म्हणून तो १८ अंशांवर लावणे. त्याने वेग वाढत नाही, एसी फक्त जास्त वेळ चालतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. एकेक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. घुसमट होते म्हणून खिडकी किलकिली ठेवणे आपल्या हवेत विशेष महागात पडते, कारण बाहेरची ओलसर हवा सतत आत येते आणि तिच्यातले पाणी काढण्यातच एसीची ताकद खर्ची पडते. रात्रीतून नळीखालची दहा लिटरांची बादली भरत असेल, तर जवळजवळ दोन युनिटे निव्वळ पाणी गोळा करण्यात गेली असे समजावे. खोली गार पण चिकट लागत असेल, तर एसी बहुधा गरजेपेक्षा मोठा आहे: तो हवा चटकन थंड करून थांबतो आणि ओल तशीच राहते. अशा वेळी ड्राय मोड (रिमोटवरची मुख्यतः ओल काढण्याची सोय) वापरावा किंवा एसीच्या पंख्याचा वेग कमी करावा.

एसी गार करेनासा झाला, तर आधी फिल्टर धुवावा आणि मग व्होल्टेज पाहावा. मेमधल्या संध्याकाळी तो उतरल्यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, असे अनेकदा घडते. त्यानंतर बाहेरच्या युनिटकडे वळावे. खाऱ्या हवेने त्याच्या पातळ पात्या गंजून खाल्ल्या जातात, म्हणून समुद्राजवळच्या घरात वीज बंद करून ते दर महिन्याला गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवावे, आणि खरेदी करतानाच गंजरोधक थर असलेली कॉइल मागावी. ‘गॅस संपलाय’ हे निदान मुकाट्याने मान्य करू नये. एसीतला गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. आमच्याकडे एका मोसमात दोनदा गॅस भरला गेला आणि तिसऱ्या वेळी कॉइलला पडलेले भोक सापडले. दोन्ही वेळचे पैसे अक्षरशः हवेत गेले.

पावसाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत घालून मग बुरशीसाठी रसायने आणणे हा उलटा व्यवहार आहे. कपडे पडवीत घालावेत, कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत आणि उघडीप मिळाली की खिडक्या उघडाव्यात.

राहता राहिला गिझर. १५ लिटर पाणी २६ वरून ५० अंशांवर न्यायला ०.४२ युनिट लागते आणि २ किलोवॅटचा गिझर ते काम १३ मिनिटांत करतो. पहाटे लावून आठ वाजेपर्यंत चालू ठेवण्याचे कारण नाही. आणि मेमध्ये तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापलेले असते की, अंघोळीसाठी त्यात विहिरीचे गार पाणी मिसळावे लागते.