टॅबवर नोट्स लिहायच्यात? आधी शिरोरेघ ओढून बघा

माझी भाची लातूरला राहून नीटची तयारी करते. टॅब घेतला तेव्हा आम्ही अ‍ॅपमध्ये एकच वाक्य लिहून पाहिलं: ‘अर्धपार्य पटलातून पाण्याचे परासरण’. पहिल्या अ‍ॅपमध्ये तळहात टेकला की ठिपके उमटायचे आणि शिरोरेघ पेनाच्या मागून रखडत यायची. मराठीत प्रत्येक शब्दावर रेघ द्यायला हात मागे न्यावा लागतो, त्यामुळे ही ढिलाई फार खटकते. म्हणून दोन शब्दांवर समाधान मानू नका, पानभर लिहा.

पैसे लगेच भरू नका. सॅमसंगच्या टॅबवर सॅमसंग नोट्स असतंच; वननोट अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर फुकट चालतं. महिनाभर वापरून काही कमी वाटलं, तरच गुडनोट्ससारख्या पैसे भरायच्या अ‍ॅपकडे वळा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीडीएफ. बऱ्याच अ‍ॅपची फाइल त्यांच्या स्वतःच्या साच्यात असते, दुसरीकडे उघडत नाही. वर्षभराची मेहनत अशी अडकली तर पोराचा जीव किती तुटेल! एक वही आजच पीडीएफ करून मोबाइलवर उघडून बघा. आकृत्या, रंग, समासातल्या खुणा तशाच आल्या पाहिजेत.

आणि गावाकडे लाइट गेली की कधी कधी रेंजही जाते. म्हणून टॅब विमान मोडवर टाकून जुनी वही उघडते का, हे गावी जाण्याआधीच तपासा.