राजगड ते रायगड : पाण्याच्या हिशेबाने आखलेली चार दिवसांची डोंगरयात्रा

सह्याद्रीत अनेक दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचे असेल, तर राजगड, तोरणा आणि रायगड या तीन गडांना जोडणारी वाट हा उत्तम धडा आहे, कारण तिच्यात गडाची माची, अरुंद धार, घाटमाथ्यावरचे पठार आणि कोकणात उतरणारी नाळ (कड्यातल्या घळीची उभी वाट) हे सगळे एकामागोमाग येते. बहुतेक जण आखणी करताना आधी किती किलोमीटर चालायचे ते ठरवतात. माझ्या मते सुरुवात पाण्यापासून करावी आणि मुक्काम, चालीचे तास, सॅकचे वजन हे सगळे त्यावरून काढावे.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांनी बनला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, एखाद्या घट्ट थरावर अडते आणि त्या थराच्या कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे धारेवर तासन्‌तास पाण्याचा थेंब मिळत नाही आणि जरा खाली, उंबर-जांभळाच्या गर्द झाडीत झरा सापडतो. गड बांधणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. त्यांनी कातळात टाकी खोदली, आणि आजही गडावरचे पाणी म्हणजे बहुधा टाक्यांचेच पाणी. मात्र टाके आहे म्हणजे त्यात पिण्याजोगे पाणी आहे असे धरून चालू नये. एका मार्च महिन्यात आम्ही अशाच भरवशावर निघालो, टाक्याच्या तळाशी केवळ हिरवा गाळ उरलेला पाहिला आणि भर दुपारी दोन तास उलटे उतरलो. तेव्हापासून मी ही वाट नोव्हेंबरअखेर ते जानेवारी याच काळात चालतो आणि पायथ्याच्या प्रत्येक गावात पुढच्या पाण्याची चौकशी केल्याशिवाय हलत नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार ते पाच लिटर पाणी धरावे. पाणी फडक्यातून गाळून उकळावे किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे.

पहिल्या दिवशी गुंजवणे गावाहून चोर दरवाजाने किंवा पाली गावाच्या बाजूने पाली दरवाजाच्या सोप्या वाटेने राजगड चढावा. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी धार धरावी. मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की चढ पुन्हा सुरू होतो आणि सुमारे १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या बुधला माचीवर आपण पोचतो. इथे मुरमाड घसारा आहे. सॅक जड असेल तर पाय आडवा टाकावा, घाई करू नये आणि दोन माणसांत अंतर ठेवावे, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो.

तिसरा दिवस सर्वांत लांबचा. तोरण्याहून हारपूडच्या बाजूने मोहरी गावाकडे जाताना ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशा हातात असूनही माणूस चुकतो, आणि कारवीच्या रानात तर दहा पावलांपुढचे दिसत नाही. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घ्यावा, परंतु शक्य असेल तर गावातला माहीतगार वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याला त्याच्या दिवसाचे योग्य पैसे द्यावेत. मोहरीच्या पठारावरून समोर लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड दिसतो. संध्याकाळी तंबू लावून झाला की तासभर मोबाइल बंद ठेवून तिथे नुसते बसावे. कुठल्या सोंडेवरून आलो, उद्याची नाळ कुठे आहे, पाणी कोणत्या घळीत उतरते, हे डोळ्यांनी शोधत गेले की डोंगर आपोआप ओळखीचा होऊ लागतो. ही एक तासाची बैठक मला शिखर गाठण्याहून मोलाची वाटते.

तंबूची जागा उजेड असतानाच निवडावी. ओढ्याचे पात्र, कड्याची अगदी कड, वाळलेल्या झाडाखालची जमीन आणि आग्या मोहोळ असलेला कातळ टाळावा. खोलगट जागेत रात्री थंड हवा साचते आणि दव जास्त पडते, म्हणून थोडी उंचवट्याची, झाडीने वारा अडलेली जागा बरी. तंबूची चेन सदैव लावलेली असावी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. सकाळी बूट झटकून घालावेत. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे आणि १०८ क्रमांकाला कळवावे.

शेकोटी पेटवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. दिवाळीनंतर गवत वाळते, एक ठिणगी अख्खी सोंड जाळते, आणि धुराने आग्या माश्या उठल्या तर पळायला जागा मिळत नाही. स्वयंपाकाला छोटा गॅस पुरतो. पहिल्या दोन दिवसांना दुधातल्या दशम्या आणि चटणी, पुढे मेतकूट-भात किंवा खिचडी, वाटेत चिक्की, एवढ्यावर उत्तम भागते. टाक्यात भांडी धुऊ नयेत, साबण तर मुळीच नको. शौचास पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर जाऊन वीतभर खड्डा खणावा आणि मातीने बुजवावा.

तंबू कुठे लावता येईल याचे नियम बदलत असतात. गड संरक्षित स्मारके आहेत आणि भोवतालचे बरेचसे रान वनखात्याचे आहे, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. गडावर मुक्कामाला मनाई असेल तर पायथ्याच्या गावात, घरमालकाच्या परवानगीने अंगणात किंवा देवळात रात्र काढावी. चुलीवरची भाकरी आणि पुढच्या वाटेची खात्रीची माहिती, दोन्ही तिथेच मिळतात.

चौथ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या सिंगापूर गावाजवळच्या नाळेने पायथ्याचे दापोली हे छोटे गाव गाठावे. बोराट्याची नाळ अधिक देखणी आहे, पण मोठाल्या दगडांतून आणि लिंगाण्याच्या अंगाने जाणारी आहे, तेव्हा सरावाशिवाय जड सॅक घेऊन तिच्यात उतरू नये. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी हवीच. खाली काळ नदीचे खोरे लागते आणि छत्री निजामपूरवरून रायगडाचा पायथा जवळ येतो. कोकणातली हवा दमट असल्याने इथे घाटमाथ्यापेक्षा जास्त पाणी लागते. नदीवर बाटल्या भरून घ्याव्यात, उन्हाचा कडाका उतरेपर्यंत सावलीत पडून राहावे आणि गडाचा चढ दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू करावा.