सोमवारपासून धावणार म्हणताय? आधी या चुका टाळा

धावायला सुरुवात करायचे आपल्याकडे तीन मुहूर्त: सोमवार, एक तारीख आणि ‘एकदा दिवाळी होऊन जाऊ दे’. मीही दोन वर्षं याच मुहूर्तांवर काढली. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये वैतागून एक वही केली. ज्या दिवशी जाणं झालं नाही, त्या दिवशीचं कारण तिच्यात लिहायचं. एकच ओळ.

पहिल्या चौदा दिवसांत अकरा खाडे. पाऊस ५, झोप ४, ओले बूट २. आधी लाज वाटली, मग नीट बघितलं. पाच पावसांपैकी खरा पाऊस दोनदाच. तीन वेळा नुसतं आभाळ आलेलं. झोपेच्या चारही दिवसांच्या आदल्या रात्री मी बारा वाजून गेले तरी मोबाइल बघत पडलो होतो. आणि बूट ओले, कारण भिजल्यावर तसेच रॅकमध्ये कोंबलेले. मग चार्जर हॉलमध्ये हलवला आणि बुटांत रात्री रद्दी पेपर भरायला लागलो. एवढ्यानं निम्मे खाडे गेले. सबब सुचली म्हणून स्वतःला आळशी ठरवून मोकळं होणं, ही सगळ्यात मोठी चूक. सबब नेमकी कुठून येते ते बघा.

दुसरी चूक मी चारचौघांत केली. ‘जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ!’ असं फॅमिली ग्रुपवर टाकलं. हाफ म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. अंगठे, हार, पेढे एवढे आले की शर्यत पळून झाल्यासारखंच वाटलं, आणि तो आठवडाभर मी बाहेर पडलोच नाही. ‘आठ किलो कमी करणार’ हेही तसलंच. वजनकाटा आपलं ऐकत नाही. ‘मंगळवार, गुरुवार, रविवार, दूध आणायच्या आधी पंचवीस मिनिटं’ हे मात्र आपल्या हातात असतं. दूध आणावंच लागतं, म्हणून माझी वेळ टिकली.

‘दम लागतो, आपल्याच्यानं व्हायचं नाही’ ही बहुतेक वेळा वेगाची तक्रार असते. धावताना सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर पाढे म्हणा. मी सतराचा म्हणतो. धाप लागून तुटला की वेग कमी करतो. (मुळात पाढ्यातच अडत असाल तर बाराचा घ्या.) पाच मिनिटं भरभर चाला, मग एक मिनिट हळू धावणं आणि दीड मिनिट चालणं, असं वीस मिनिटं. नवशिक्यांना पाच किलोमीटरपर्यंत नेणाऱ्या ‘काउच टू फाइव्ह-के’ या नऊ आठवड्यांच्या वेळापत्रकाचा पहिला आठवडा असाच असतो, आणि तोही आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचे दिवस आराम. आरंभशूरांना हे पचत नाही. ते पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळतात आणि पुढचे चार दिवस जिना कठडा धरून उतरतात.

मात्र एकाच जागी दुखणारा आणि धावताना जास्तच दुखणारा गुडघा, सूज, छातीत दडपण, चक्कर या सबबी नव्हेत. थांबा आणि डॉक्टर गाठा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारा.

घड्याळ नंतर घ्या. पायाला नीट बसणारे बूट तेवढे हवेत.

राहिला खाडा. एक दिवस चुकला की ‘आता पुढच्या सोमवारपासून’ सुरू होतं. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावायचं नाही. पुढचा ठरलेला वार पकडायचा. गणपती, लग्नसराई येणार हे आधीच माहीत असतं, तेव्हा त्या दिवसांसाठी दहा मिनिटांचा बेत ठेवावा. घरात पाहुणे असताना दहा मिनिटं गायब झालात तर कुणी विचारत नाही.

माझ्या वहीत गेल्या महिन्यात दोनच नोंदी आहेत. एक ‘भाचीचं लग्न’. दुसरी ‘कंटाळा’, आणि तिच्यावर मी अजून काही केलेलं नाही.