जुन्या डम्पिंग ग्राउंडवर खोदकाम आणि माती-पाण्याची टेस्टिंग: या चुका टाळा

बंद पडलेला कचरा डेपो वरून साधं माळरान दिसतो, म्हणून लोक थेट पोकलेन बोलावतात. जुने नकाशे, हवाई फोटो, तिथं पूर्वी गाड्या रिकाम्या करणाऱ्या माणसांशी गप्पा, हे सगळं सोडून देतात. मग खड्डे अंदाजाने पडतात. घरचा कचरा होता की कारखान्याचा, हेच माहीत नसेल तर टेस्ट कुठल्या मागणार? लॅब तुम्ही सांगाल तेवढंच शोधते.

खड्ड्यात उतरून सॅम्पल घेणं तर बंदच करा. डेपो बंद होऊन वीस वर्षं झाली तरी खालून मिथेन येत असतो आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइड त्याहून फसवा, आधी सडक्या अंड्यांचा वास येतो पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. असे जीव गेलेत, म्हणून कळकळीने सांगतोय. गॅस मीटर आधी, आणि माती पोकलेनची बकेट वर आल्यावर बकेटच्या मधल्या भागातून काढा, लोखंडाला चिकटलेली नको.

बोअर घेताना खालचा चिकण मातीचा थर फोडून तसंच खाली जाणं ही फार मोठी चूक आहे, कारण वरचं घाण पाणी खालच्या चांगल्या पाण्यात उतरायला तुम्हीच वाट करून देता. त्या थरात आधी बाहेरचं केसिंग (बोअरला आधार देणारा पाइप) बसवून बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकण मातीने) सील करा, मगच पुढे जा. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या लव्ह कॅनॉल नावाच्या जुन्या कालव्यात १९५३ पर्यंत केमिकलचा कचरा पुरला, वर चिकण माती टाकली, नंतर बांधकामात आणि ड्रेनेजच्या लाइनी टाकताना तीच फोडली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली.

आता पाणी. सगळ्यात जास्त रिपोर्ट इथंच बिघडतात. बोअरमध्ये साठून राहिलेलं पाणी म्हणजे भूजल नव्हे, ते आधी उपसायचं, पण जोरात पंप लावून नाही, मिनिटाला १०० ते ५०० मिली इतकं सावकाश, आणि पीएच, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते), विरघळलेला ऑक्सिजन यांचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई करून बेलर (दोरीने सोडून पाणी काढायची नळी) खाली आपटला की गाळ उठतो, मग त्या गढूळ पाण्यात धातूंच्या टेस्टसाठी नायट्रिक ॲसिड टाकलं की मातीच्या कणांमधलं लोह, शिसं सुटून पाण्यात येतं आणि रिपोर्ट भयंकर दिसतो. विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉन फिल्टर आधी, ॲसिड नंतर. हा क्रम उलटा झाला तर सॅम्पल फेकून परत घ्या, दुरुस्ती नाही.

उडून जाणाऱ्या केमिकल्ससाठी ४० मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर बाटली बाद. बर्फाच्या पेटीत ४ अंशाच्या आसपास ठेवा.

फक्त उताराच्या खालच्या बाजूला बोअर घेऊन "प्रदूषण सापडलं" म्हणू नका. वरच्या बाजूचा एक तरी बोअर हवाच, आणि पाणी कुठं वाहतंय हे कळायला एका रेषेत नसलेले किमान तीन लागतात. पावसाळ्यात पातळी वर चढून कचऱ्याला टेकते, उन्हाळ्याचा एकच रिपोर्ट ते दाखवणार नाही. आणखी एक, मातीतल्या एकूण धातूचा मिलिग्रॅम प्रति किलोचा आकडा लीचिंग टेस्टच्या (मातीतून पाण्यात किती धातू झिरपतो ते बघणारी टेस्ट) मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेशी थेट लावतात, ते चूक आहे, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

रिपोर्टमध्ये "आढळले नाही" दिसलं की लगेच खुश होऊ नका, शेजारी डिटेक्शन लिमिट, म्हणजे लॅबला ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, बघा. ती मानकापेक्षा जास्त असेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही, त्याच दिवशी लॅबला फोन करा, कारण उडून जाणाऱ्या केमिकल्सच्या, ॲसिड घातलेल्या ४० मिलीच्या बाटल्या १४ दिवसच चालतात, त्यानंतर परत बोअरवर जावं लागतं.