डबलसीट नेब्रास्का: मागच्या सीटवरून केलेली तयारीची यादी

अमेरिकेतील शिकागोच्या उपनगरातून निघायचे, यूएस २० या महामार्गाने आयोवा ओलांडून नेब्रास्कातील व्हॅलेंटाइनपर्यंत जायचे, तेथून सँडहिल्सच्या गवताळ टेकड्यांमधून अलायन्स हे गाव गाठायचे, उत्तरेला वळून साउथ डकोटातील ब्लॅक हिल्समध्ये दोन-तीन मुक्काम करायचे आणि बॅडलँड्स पाहून इंटरस्टेट ९० ने घरी परतायचे, असा हा सुमारे २,१०० मैलांचा, म्हणजे जवळजवळ ३,४०० किलोमीटरांचा, दहा दिवसांचा प्रवास आहे. माझे पती मोटरसायकल चालवतात आणि मी मागे बसते. अशा प्रवासाच्या याद्या बहुधा चालवणाऱ्याने केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत इंजिन, टायर आणि पान्हे यांचीच भरती असते. पण ब्लॅक हिल्सपर्यंतच्या मुलखात वळणे फारशी नाहीतच. सांभाळायचे असते ते वाऱ्याला, आभाळाला आणि दोन गावांमधल्या अंतराला, आणि या तिन्हींकडे पाहायला जिला सवड असते ती मागे बसणारीच. म्हणून ही यादी मी केली आहे.

सर्वांत आधी तारखा ठरवाव्यात. मे महिन्यात ब्लॅक हिल्समध्ये बर्फ पडू शकते, जूनमध्ये गवत सर्वांत हिरवे असते पण वादळांचा जोरही तेव्हाच असतो, जुलैत ऊन भाजून काढते आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात स्टर्जिस येथे १९३८ पासून चालत आलेला मोटरसायकलस्वारांचा मेळा भरतो, ज्या काळात त्या परिसरात खोली मिळणे कठीण आणि मिळाली तर खिशाला जड. मेळाच पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटल्यावर निघतो. शाळा सुरू झालेल्या असतात, रस्ते मोकळे असतात आणि दुपार सोसण्याजोगी असते. अडचण एकच, की याच दिवसांत पुष्कळदा गणपती येतात आणि मंडळाच्या कार्यक्रमांशी तारखा जुळवताना आमच्या घरी नकाशापेक्षा पंचांग जास्त वेळा उघडले जाते.

गाडीच्या बाबतीत पहिला हिशेब वजनाचा करावा, कारण तोच बहुतेक जण टाळतात. चारशे किलोच्या आसपास वजनाच्या मोठ्या टूरिंग गाडीचीही वाहून नेण्याची क्षमता अनेकदा २०० किलोच्या जवळपासच असते. आम्हा दोघांचे हेल्मेट, जॅकेट आणि बुटांसह वजन १५५ किलो भरते, म्हणजे पेट्या, त्यांतले सामान, पाणी आणि अवजारे या सगळ्यांसाठी उरतात जेमतेम ४५ किलो. बाथरूमचा वजनकाटा गॅरेजमध्ये आणून प्रत्येक पिशवी त्यावर ठेवावी आणि आकडा लिहून काढावा. जड वस्तू खाली व पुढे, हलक्या वर व मागे. मागच्या स्प्रिंगचा ताण दोघांच्या वजनाप्रमाणे वाढवावा आणि टायरमधील हवा गाडी थंड असतानाच, माहितीपुस्तिकेत डबलसीटसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते, त्यांतले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी टायर जुना निघू शकतो. सरळ रस्त्यावर हजारो मैल धावल्याने टायर मधोमध सपाट होतो, तेव्हा निघतानाच तो अर्धा झिजलेला असेल तर बदलून घ्यावा, कारण सँडहिल्समध्ये मोटरसायकलचा टायर मिळण्याची आशा धरू नये. पंक्चर काढण्याचे साहित्य आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप बरोबर घ्यावाच. स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढी जाड फळी घ्यावी. वाळूत आणि उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात स्टँड रुततो आणि भरलेली गाडी एकदा कलंडली की दोघांच्याने उठत नाही.

एवढे झाल्यावर, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, पूर्ण सामानासह एक रंगीत तालीम करावी. आम्ही त्यासाठी गलेना येथे जाऊन एक रात्र राहतो. इलिनॉयच्या वायव्य टोकाच्या त्या भागात चढउतार आहेत, वळणे आहेत आणि काही बिघडलेच तर घरी फोन करता येतो. पहिल्या तालमीत भर पावसात आमच्या लक्षात आले की दोघांचेही रेनकोट पेटीच्या तळाशी आहेत आणि त्यांच्यावर आहेत माझी तीन पुस्तके व यांचा केसांचा ड्रायर, जो का घेतला होता ते आजतागायत कळलेले नाही. तेव्हापासून रेनकोट सर्वांत वर आणि ड्रायर घरी, हा नियम झाला.

पेट्रोलचा विचार दोन अंगांनी करावा लागतो, अंतराचा आणि प्रकाराचा. व्हॅलेंटाइनहून दक्षिणेला थेडफर्डपर्यंतचा रस्ता साधारण ६५ मैलांचा आहे आणि मध्ये तळी, गवत व गुरे यांवाचून काही नाही; पुढे हायवे २ वर मलन, हायॅनिस अशी लहान गावे लागतात, पण तेथील पंप रात्री चालू असेलच असे गृहीत धरू नये. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून आला की गाडी किती तरी जास्त पेट्रोल पिते, म्हणून एका टाकीत जेवढे मैल जाण्याची सवय असेल त्याच्या दोनतृतीयांशच धरावेत आणि या पट्ट्यात टाकी निम्मी झाली की ती रिकामी आहे असे समजून मिळेल तेथे भरावी. प्रकाराबाबत अधिक सावध राहावे. आयोवा आणि नेब्रास्का हा मक्याचा प्रदेश असल्याने पंपावर इथेनॉलचे प्रमाण वाढवलेली इंधने स्वस्तात मिळतात, आणि ८८ असा ऑक्टेनचा आकडा लावलेल्या इंधनात बहुधा पंधरा टक्के इथेनॉल असते, जे मोटरसायकलमध्ये वापरण्यास मनाई आहे. ई८५, म्हणजे बहुतांशी इथेनॉलच असलेले इंधन, तर नावालाही घेऊ नये. पश्चिमेला उंच भागात ८५ आकड्याचे साधे पेट्रोल दिसू लागते, त्यावर न थांबता वरच्या दर्जाचे घ्यावे. भारतातून आलेल्यांना ८७ हा आकडा वाचून धास्ती वाटते, पण मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तो आपल्याकडच्या ९१ च्या जवळपासच येतो. भारतीय कार्डाला पंप अमेरिकी पिनकोड विचारतो. अशा वेळी आत जाऊन आधी पैसे भरावेत.

आता आभाळ. या प्रवासातील सर्वांत मोठी तयारी हीच आहे आणि ती पूर्णपणे मागच्या सीटकडे असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मैदानातील गडगडाटी वादळे बहुधा दुपार उलटल्यावर उभी राहतात आणि साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, म्हणजे जाताना आपण त्यांच्या अंगावरच चालून जात असतो. नॅशनल वेदर सर्व्हिस या सरकारी हवामान खात्याच्या भाषेत ‘वॉच’ म्हणजे वादळाला पोषक स्थिती आहे आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे ते प्रत्यक्ष दिसले आहे किंवा रडारवर टिपले गेले आहे. पहिल्या शब्दाला पुढचा मुक्काम जवळ करावा आणि दुसऱ्याला पक्की इमारत गाठावी. इशारे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नावाने ऐकू येतात, म्हणून दर सकाळी त्या दिवशीच्या काउंट्यांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक खिशात ठेवावीत. व्हॅलेंटाइन ज्या चेरी काउंटीत आहे ती क्षेत्रफळाने कनेटिकट राज्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा तेथे नुसते काउंटीचे नाव कळून भागत नाही, जवळच्या गावाचे नावही ऐकावे लागते. फोनला रेंज नसेल तर फोनवरचा इशाराही येणार नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ घ्यावा आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावेत. विजेपासून मोटरसायकल कसलेही संरक्षण देत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे आडोशातून हलू नये. उड्डाणपुलाखाली थांबणे सुरक्षित वाटते, पण टॉर्नेडोच्या वावटळीत तेथे वारा अरुंद जागेतून अधिक वेगाने घुसतो आणि उडणाऱ्या वस्तू अंगावर येतात, त्यामुळे तो आसरा नव्हे. या सगळ्यावर आमचा तोडगा साधा आहे: पहाटे निघायचे, दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त जायचे नाही आणि चार वाजेपर्यंत खोलीत पोहोचायचे. मी ‘थांबा’ म्हटले की वाद न घालता थांबायचे, हेही घरीच ठरवून घेतले आहे.

पोशाखाबाबत कायद्याकडे पाहू नये. इलिनॉय आणि आयोवात प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, साउथ डकोटात ती अठरा वर्षांखालील मुलांपुरतीच आहे, आणि नेब्रास्कानेही १ जानेवारी २०२४ पासून एकवीस व त्यापुढील वयाच्या प्रशिक्षित चालकांना सूट दिली आहे. तरीही दोघांनी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालावे, आणि मागे बसणारीचे जॅकेट, हातमोजे व बूट चालवणाऱ्याच्या तोडीचेच असावेत, नेहमीच्या जीन्सवर तिची बोळवण करू नये. महामार्गावरच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानांत बोळे घालावेत. जाळीचे जॅकेट तीस अंशांपर्यंत सुख देते, पण हवा अंगापेक्षा गरम झाली की त्यातून भट्टीचाच वारा लागतो; अशा वेळी आतला सदरा भिजवावा आणि वरून वाऱ्याची वाट अर्धी बंद करावी. हा उपाय नेब्रास्काच्या कोरड्या पश्चिम भागात उत्तम लागू पडतो, आयोवाच्या दमट हवेत फारसा नाही. हेल्मेटच्या काचेवर टोळ आणि किडे इतके आपटतात की ओला रुमाल वरच्या खिशातच लागतो.

दोघांमधल्या खुणाही ठरवून घ्याव्यात, कारण हेल्मेटमधील बोलण्याचे यंत्र नेमके हवे तेव्हा बंद पडते. खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश, दोन म्हणजे पहिल्या सुरक्षित जागी थांबा. चढणे-उतरणे चालवणाऱ्याने मान हलवल्यावरच.

खाण्याची सोय शाकाहारी माणसाने घरूनच करावी. लहान गावांतल्या हॉटेलात स्वयंपाकघर लवकर बंद होते आणि चालू असले तरी बटाटा, अंडे व पाव यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन दिवस पुरतात; पुढे भडंग, खाकरे आणि मेतकूट. लोणच्याची बाटली नको, गरमीत ती फुटली की पेटी जन्मभर वास सोडत नाही. पाण्याची पाठीवरची नळीवाली पिशवी दोघांना वेगवेगळी असावी.

कागदपत्रांचे दोन संच करावेत आणि ते एकाच पेटीत न ठेवता दोघांच्या अंगावर ठेवावेत: परवाना, गाडीची नोंदणी, विमा, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा फोन. ग्रीनकार्ड असणाऱ्यांनी ते जवळ बाळगणे कायद्याने आवश्यक आहे. भारतातून येऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटरसायकलचा शिक्का आहे ना ते पाहावे, आणि प्रवास विम्यातील मोटरसायकल वगळणारे कलम शोधून वाचावे, कारण ते पुष्कळ विम्यांत असते.

ब्लॅक हिल्ससाठी वेगळे थोडेच सांगायचे आहे. आयर्न माउंटन रोडच्या १७ मैलांत ३१४ वळणे आहेत, तेथे पेट्या खोलीवर ठेवून हलक्या गाडीने जावे. उन्हाळ्यात डांबरावर टाकलेली सुटी खडी लागली तर ब्रेकला हात न लावता वेग आधीच उतरवावा. गवे रस्त्यावर उभे राहिले तर निदान पंचवीस यार्ड अंतर ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि हॉर्न वाजवू नये. ते ताशी पस्तीस मैलांनी धावू शकतात आणि आपल्याला गाडी मागे घेता येत नाही.

आदल्या रात्री टाकी भरावी, टायरची हवा पुन्हा पाहावी, फ्रिजमधले दूध संपवावे आणि तुळशीची कुंडी शेजारी देऊन यावी. पहाटे पाचला निघाले तर शिकागोची गर्दी मागे राहते, दुपारनंतर पश्चिमेचे ऊन डोळ्यांत येण्याआधी मुक्कामही गाठता येतो. गॅरेजचे दार ओढण्यापूर्वी मी जॅकेटच्या डाव्या खिशात हात घालून गाडीची दुसरी किल्ली चाचपते.