प्रोस्टेटला (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीला) सूज आलीये? निदान या चुका तरी करू नका

लघवीला जळजळ, ओटीपोटात ठणका, रात्री चारचारदा उठणं आणि मग डॉक्टरकडे जायचं सोडून घरात उरलेली कुठलीतरी अँटिबायोटिक घेणं, हे इतक्यांदा पाहिलंय की आता खरंच राग येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे कोर्स अर्धवट सोडणं. माझ्या मोठ्या भावाला थंडी वाजून ताप आला, लघवी थेंबथेंब, डॉक्टरांनी 4 आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून याने पाकीट कपाटात टाकलं. पुढच्याच महिन्यात मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबली, पोट दगडासारखं, तसंच उचलून नेलं आणि नळी घालावी लागली. अहो, बरीच औषधं प्रोस्टेटच्या आत नीट शिरतच नाहीत, म्हणून तर साध्या युरिन इन्फेक्शनसारखं 3-5 दिवसांत भागत नाही, 2 ते 4 आठवडे लागतात, जुनाट असेल तर 6 सुद्धा. आता मी कॅलेंडरवर रोजच्या गोळीची खूण करायला लावतो. आणि ताप असताना लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं.

याच्या उलट, महिनोन्‌महिने दुखतंय, कल्चर (लघवीत जंतू आहेत का बघायची तपासणी) निगेटिव्ह आहे, तरी अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक. जुनाट दुखण्यात बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत, बऱ्याच जणांचे ओटीपोटाखालचे स्नायू आखडलेले असतात. अशात व्हिडिओ बघून केगल (हेच स्नायू आवळायचे व्यायाम) सुरू केले तर दुखणं वाढू शकतं, तिथे स्नायू सैल करायला शिकायचं असतं आणि त्याला फिजिओथेरपिस्ट लागतो, वेळही लागतो, आठवड्यात फरक हवा म्हणणाऱ्यांचं इथे काही चालत नाही. मी स्वतः कोमट पाण्याच्या टबात 15 मिनिटं बसतो, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठतो, बद्धकोष्ठ होऊ देत नाही, दुखत असेल तेव्हा सायकल बंद.

तापात, अंग फणफणलेलं असताना प्रोस्टेटचा मसाज कुणी सुचवला तर नाही म्हणा, जंतू रक्तात जाऊ शकतात.

सूज असताना पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करून आकडा बघून कॅन्सरच्या भीतीने झोप घालवू नका, सुजेनेही तो वाढतो, बरं झाल्यावर 6-8 आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून परत करा.

आणि कल्चरसाठी लघवी पहिल्या गोळीच्या आधी द्या, नंतर दिलेल्या सॅम्पलमध्ये जंतू सापडेलच असं नाही.